पांढऱ्या तारा

धनश्रीच्या ताटलीतला पपईचा संभारा रजनीने चिमटीने उचलून आपल्या ताटलीत टाकला, आणि दोन वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट सिल्वासातल्या डोकमर्डीच्या त्या बैठ्या घरात सगळ्यांसमोर उघडी पडली. आपण काही केलं असं रजनीला वाटलंसुद्धा नव्हतं. वाढता वाढता बाईचा हात मनाच्या दोन पावलं पुढे जातो, तसा तो गेला इतकंच.

दिवस होता एकतीस जानेवारी, साल ब्याण्णव. भगवंत चुरी, म्हणजे घरादाराचे अप्पा, त्या दिवशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं हा माणूस जमिनीखालच्या केबली जोडत आला होता. चिंचणीहून निघाला तो आधी पालघर, मग वापी, आणि शेवटची चौदा वर्षं सिल्वासा. साहेबांनी शाल घातली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि भाषणात सांगितलं की चुरींनी बंद केलेला एकही जॉइंट खात्याला पुन्हा उघडावा लागला नाही. टाळ्या वाजल्या. थोरली सून म्हणून रजनी मागच्या खुर्चीवर बसली होती. त्या वाक्याला अप्पांनी मान खाली घातलेली तिने पाहिली. बाकीच्यांना तो विनय वाटला.

तिथून सगळे घरी आले. बाजारातून फाफडा, जलेबी आणि तोंडी लावायला कच्च्या पपईच्या किसाचा संभारा आणला होता, रजनीने सकाळीच वालाचं बिरडं करून ठेवलं होतं. तिचा नवरा मंगेश शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. आणि दारात, चपला काढाव्यात की नाही अशा बेताने, केदार येऊन उभा राहिला. धाकटा. त्याच्या मागे बायको धनश्री, पदर खांद्यावरून पुढे घेतलेली.

केदारचं बिऱ्हाड तीन गल्ल्या पलीकडे होतं. त्या तीन गल्ल्या ओलांडायला त्याला दोन वर्षं लागली. भांडण म्हटलं तर एका संध्याकाळचं. अप्पांनी साहेबांना गळ घालून त्याच्यासाठी खात्यात जागा बघून ठेवली होती. त्याने ती नाकारली आणि मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. अप्पा म्हणाले, करसवलत आहे तोवर कारखान्यांच्या ह्या शेडी उभ्या आहेत, ती संपली की शेठ लोक पत्र्यांसकट उठून जातील. केदार म्हणाला, तुमचं खातं तरी कुणाच्या जिवावर वाढतंय, ह्याच शेडींच्या ना. दोघांचंही खरं होतं, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. मंगेशने बापाची बाजू धरली, आवाज चढले, आणि अप्पा बोलून गेले की एवढी अक्कल आली असेल तर चूलही वेगळी मांड. केदारने दुसऱ्या दिवशी मांडली.

खात्याबद्दलचं त्याचं म्हणणं रजनीने पुढे डोळ्यांनी पाहिलं. सिल्वासात फोनची यादी अशी लांबलचक, की बारशाला अर्ज करावा आणि मुंजीपर्यंत वाट बघावी. मास्तर, कारकून, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे त्या यादीत म्हातारे होत होते. पण मसाटला आणि राखोलीला कारखाने उठू लागले, शेठ लोकांना मुंबईचा भाव बसल्या जागी कळायला हवा झाला, आणि खात्याला एकदम घाई सुटली. रस्त्याच्या कडेने चर खणले गेले, जाड काळी केबल अजगरासारखी पसरली. केबल गावासाठी येत नाही, अप्पा म्हणायचे, ती शेडीसाठी येते आणि वाटेतल्या गावाला तारांच्या उरलेल्या जोड्या देत जाते. डोकमर्डीच्या वाट्याला अशा दहा जोड्या उरल्या. त्यातली एक खात्याचा माणूस म्हणून अप्पांच्या घरात आली. महिनाभरात, मशीन बंद पडलं की सुपरवायझरला उठवता यावं म्हणून, कारखान्याने एक केदारच्या खोलीत नेली. एकाच खांबावरच्या एकाच पेटीतून दोन तारा निघाल्या, एक ह्या घरात आणि एक त्या.

त्यानंतरची ती पहिली दुपार रजनीच्या अंगावर अजून होती. मुलं शाळेत, मंगेश शाळेत, खिडकीतून उन्हाची तिरीप फरशीवर आलेली. गॅसवाल्याला फोन करायचा म्हणून तिने तबकडीवर दोन फिरवला आणि पुढचा आकडा विसरली. एक आकडा फिरवला की रिसीव्हरमधली घरघर थांबते. त्या थांबलेल्या जागेत, शेजारच्या खोलीत कुणी झोपेत बोलावं तशी, धनश्री बोलत होती. अमळनेरला आपल्या आईला सांगत होती की इथलं पाणी भाकरीला मानवत नाही. रजनी हलली नाही. तिला वाटलं, आपल्याला डुलकी लागली आहे आणि जाऊ स्वप्नात आली आहे. मग टूं टूं सुरू झालं आणि स्वप्न मोडलं.

दुसऱ्याच्या घरी कान लावणं वाईट, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा दोन फिरवला. मग ते रोजचंच झालं. धनश्री हसली की हिची दुपार चांगली जायची. केदारला मलेरिया झाला तेव्हा हिला इथे घास उतरेना. त्या पोरीला दोन वेळा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल टिकलं नाही, तेही रजनीने असंच उभ्या उभ्या ऐकलं, पदर दातांत धरून. दुसऱ्या वेळी तिने भाजीवाल्या तानूबाईच्या टोपलीतून डिंकाचे लाडू पाठवले आणि कुणाकडून ते सांगायचं नाही असं बजावलं. एका हाकेवर असलेल्या बाईला तिला एवढंच करता आलं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. कधी ती मागच्या ओट्यावर भांडी घासत असायची, अप्पा सुट्टीवर घरी असायचे, आणि बाहेरच्या खोलीतून तबकडीचा आवाज यायचा. एकच. घर्र, आणि मग काही नाही. माणूस फोन करतो तेव्हा तबकडी पाच वेळा तरी फिरते. रजनी हात धुऊन हळूच आत डोकावली तर अप्पा रिसीव्हर कानाला लावून, दुसऱ्या टोकावर तळवा घट्ट दाबून, डोळे मिटून उभे होते. तिने एकदा सहज विचारून पाहिलं होतं, अप्पा, आपल्या फोनमध्ये मागे कुणी बोलतं का हो. वारा असेल, अप्पा म्हणाले. नुसत्या आवाजावरून कुठल्या खड्ड्यात पाणी शिरलंय ते सांगणारा माणूस वारा असेल म्हणाला आणि तिच्याकडे बघेना, तेव्हा रजनी काय समजायचं ते समजली. पुन्हा विचारलं नाही. सासऱ्याची दुपार वेगळी आणि सुनेची वेगळी, असं न बोलता ठरून गेलं.

आणि आज ही ताटली.

"वहिनी," धनश्री हळू आवाजात म्हणाली, "का काढलात?"

"तुला आता पपई चालायची नाही," रजनी म्हणाली.

मंगेशने भाबडेपणाने विचारलं की का बुवा चालायची नाही. केदारने हातातला फाफडा ताटलीत ठेवला. ही गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही, तो म्हणाला, डॉक्टरीणबाईंनी तिसरा महिना सरेपर्यंत थांबायला सांगितलंय. फक्त हिने आपल्या आईला सांगितलं, तेही बुधवारी, फोनवर.

रजनीने मग लपवलं नाही. लपवायला आता जागाच नव्हती. तुमचं बोलणं आमच्या फोनात मागून येतं, पहिल्या दिवसापासून येतं आणि मी ऐकते, असं तिने सरळ सांगितलं. सांगताना तिला धनश्रीकडे बघवेना. तिला भीती एकाच गोष्टीची होती. दोन वर्षांनी दारात आलेली ही पोर आता पोटातल्या जिवासकट कायमची निघून जाईल, आणि ह्या वेळी आपण नुसते लाडू पाठवायलाही उरणार नाही.

केदारचा सगळा राग मात्र वहिनीला ओलांडून बापाकडे गेला. "तुम्ही जोडून घेतलीत," तो म्हणाला. "पोरगा हाताबाहेर गेला म्हणून त्याच्या घरात तार सोडलीत."

मंगेश ताडकन उठला. अप्पांच्या बाजूने बोलायची त्याला सवय होती, पण ह्या वेळी त्याने घात केला. अप्पा असलं काही करणार नाहीत, तो म्हणाला, आणि चूक म्हणाल तर अप्पांच्या हातून चौतीस वर्षांत एक झालेली नाही, आत्ताच साहेब सांगत होते. केदार त्यावर नुसता हसला. चूक नाही म्हणतोस, मग राहिलं काय, असं त्याने विचारलं. मंगेश उभाच राहिला. आपण बापासाठी एकच वाट ठेवली आणि ती चोराची, हे त्याला उशिरा कळलं.

अप्पांनी मांडीवरच्या नव्या घड्याळाकडे पाहिलं. मग उठले, रजनीच्या शिलाई मशीनचा खण ओढला आणि चार दोरे तोडून आणले. एक निळा, एक नारिंगी, दोन पांढरे. ताटल्या सरकवून ते जमिनीवर बसले आणि निळ्याला एक पांढरा, नारिंगीला एक पांढरा, असे पीळ घातले. ती बोटं म्हातारी झाली होती, पण पीळ घालताना कुठे थांबली नाहीत.

"हे बघ," ते केदारला म्हणाले. "प्रत्येक फोनला दोन तारा. इथून पार एक्स्चेंजपर्यंत त्याच दोन, तिसऱ्याचा हात लागत नाही. एक रंगीत, एक पांढरी. दोघींना पीळ घातलेला असतो, तो उगाच नाही. शेजारच्या जोडीतून आवाज आला तर तो दोघींवर सारखा बसतो आणि फिटून जातो. पण जॉइंट करायला पीळ सोडावा लागतो. आणि सुटल्यावर पांढऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात."

त्यांनी दोन्ही पीळ सोडले, पांढऱ्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा घातले.

"तू बिऱ्हाड हलवलंस त्या दिवशी मी वळणावरच्या खड्ड्यात होतो. तुझा टेम्पो माझ्या डोक्यावरून गेला. तू बघितलं नाहीस. माझ्या हातात निळी आणि नारिंगी होती. डोळे भरलेले. रंग दिसले, पांढरी कुणाची कुठली ते दिसलं नाही."

पुढचं त्यांनी खाली बघत सांगितलं. जॉइंट बंद झाला, खड्डा बुजला, मग खांबावरच्या पेटीपाशी तारा तपासायचा बझर लावल्यावर चूक कळली. पुन्हा उकरायचं म्हणजे साहेबांना कळवायचं, चुरींचा जॉइंट चुकला म्हणून वहीत लिहून घ्यायचं. ते त्यांना जमलं नाही. त्यांनी पेटीतच दोन पांढऱ्या आपापल्या जागी फिरवून दिल्या. फोन लागत होते, घंटी वाजत होती, कुणाला शंका आली नाही. फक्त मधला अर्धा किलोमीटर त्या दोघी परक्या जोडीदाराबरोबर चालत होत्या, म्हणून एका फोनचा आवाज फिटून न जाता दुसऱ्यात उतरायचा. निळीवर अप्पांचा फोन लागला. नारिंगी कुणाला द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण कारखान्याचा अर्ज आला तेव्हा पेटीत तेवढीच एक उरली होती.

"चूक झाली, बरं," केदार म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता. "माझा फोन लागल्यावर तरी दुरुस्त करायची. दोन वर्षं ठेवलीत कशाला?"

अप्पांनी चारही दोरे मुठीत गोळा केले.

"तुझा आवाज यायचा त्यात," ते म्हणाले.

पंखा फिरत होता. मंगेश खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. पण केदारचा दोन वर्षांचा ताठा एका दुपारीत वाकत नाही. तो उठला. रविवारपर्यंत हे नीट झालं नाही तर कारखान्याला सांगून आपण दुसरी तार घेऊ, ती मसाटच्या केबलीतून येईल, एवढं सांगून त्याने चपला घातल्या. धनश्री त्याच्या मागे गेली. जाताना उंबऱ्यावर थबकून तिने कोपऱ्यातल्या फोनकडे, त्यावरच्या क्रोशाच्या रुमालाकडे पाहिलं. रजनीकडे पाहिलं की नाही, ते रजनीला सांगता आलं नसतं.

शनिवारी दुपारी रजनीला राहवलं नाही. अप्पा, राहू द्या ना, ती म्हणाली, मी फोनला हात लावणार नाही, पण ते असू द्या. एवढी मोठी बाई, दोन मुलांची आई, पण लहान पोरीसारखी गयावया करत होती. अप्पा तिच्यावर रागावले नाहीत. आजवर आपल्या दोघांचं होतं म्हणून चाललं, ते म्हणाले, आता त्या पोरीला आईशी मोकळं बोलायची गरज आहे.

रविवारी सकाळी वळणावरचा खड्डा उघडला. सुकदेव, अप्पांच्या हाताखाली तयार झालेला नंदुरबारकडचा लाइनमन, आदल्याच दिवशी साहेबांना कळवून आला होता. काय कळवायचं ते अप्पांनीच त्याला सांगितलं होतं, चुरींचा जॉइंट चुकलाय म्हणून. आता ते खात्याचे कुणी नव्हते, तेव्हा खड्ड्याच्या काठावर गोणपाट टाकून बसले. केदार आला नाही. रजनी चहा घेऊन गेली तेव्हा सुकदेवने जॉइंटचं वरचं कवच कापलं होतं आणि आतून, पाणी शिरू नये म्हणून भरलेल्या मलमात माखलेल्या शंभर जोड्या बाहेर आल्या होत्या. निळी, नारिंगी, हिरवी, आणि सगळीकडे पांढऱ्या. जमिनीखाली इतके रंग असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती बघतच राहिली.

"बसा अप्पा, ह्या दोन तुम्हीच करा," सुकदेव बाजूला सरकून म्हणाला. "माझं ध्यान तिकडे आहे असं समजा."

अप्पा खाली उतरले. चष्मा पुसला, सदऱ्याच्या बाहीने पुन्हा पुसला. दोन पांढऱ्या सोडवल्या, एकेक बोटाने मागपर्यंत माग काढला, आणि निळीची निळीला, नारिंगीची नारिंगीला दिली. मग सुकदेव शिडी लावून खांबावर चढला आणि पेटीतली ती जुनी अदलाबदलही मोडून आला. पाऊण तास लागला सगळा. दोन वर्षांपूर्वीही तेवढाच लागला असता.

दुपारी घर निजलं. रजनी फोनपाशी गेली. शपथ शनिवारची होती, आणि बघायला काय जातंय, असं तिने मनाशी म्हटलं. तिने दोन फिरवला. घरघर थांबली. मागे काही नव्हतं. स्वच्छ, धुतल्यासारखी शांतता, जशी खात्याला हवी तशी. टूं टूं होईपर्यंत ती ऐकत राहिली आणि रिसीव्हर ठेवून तिथेच भिंतीला टेकून बसली. तीन गल्ल्यांवरची ती पोर आज अमळनेरच्याही पलीकडे गेली होती. रजनी थोडी रडली. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत तिच्या पायापर्यंत आली होती, आणि डोळा लागतो की काय अशा बेतात घंटी वाजली.

"वहिनी?" आवाज इतका जवळून आला की तिने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "मी धनश्री. आता मागचं काही ऐकू येत नाही, म्हणून फोन केला."

तुलाही आमचं ऐकू यायचं का, रजनीने विचारलं.

सगळं यायचं, धनश्री म्हणाली. तुमचं माहेरी बोलणं, मुलांच्या शाळेच्या गोष्टी. लाडू कुणाचे तेही कळलं होतं. आणि अप्पांचा खोकला. त्यांनी तळवा कितीही दाबला तरी खोकला निसटायचाच.

"खोकला आला की मी जरा मोठ्याने बोलायचे," ती म्हणाली. "हे घरात असले तर फोन ह्यांच्याच हातात द्यायचे. काहीतरी काढून बोलायला लावायचे."

रजनीने डोळे पुसले. पुसून उपयोग नव्हता.

"अप्पा जागे आहेत का?" धनश्रीने आवाज लहान केला. "हे इथेच उभे आहेत. बोलायचंय म्हणत नाहीत आणि जातही नाहीत."

रजनीने हाक मारली. अप्पा आतून आले, कुणाचा म्हणून विचारलं नाही. तिच्या हातातून रिसीव्हर घेतला, कानाला लावला, दुसऱ्या टोकावर तळवा दाबला आणि डोळे मिटून उभे राहिले. दोन वर्षांची सवय. पलीकडून केदारचा आवाज रजनीलाही ऐकू येत होता. हॅलो, तो म्हणत होता. अप्पा. हॅलो. अप्पा ऐकत होते. चेहरा स्वप्नात असल्यासारखा निवांत.

रजनी पुढे झाली आणि तिने त्यांचा तळवा धरून हळूच बाजूला केला.

"अप्पा," ती म्हणाली, "आता तुम्हालाही बोलायचंय."

अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग सुनेकडे. एकदा खोकले.

"केदार," ते म्हणाले, "जेवलास का रे?"